खोली भाड्याची, कागद हक्काचा

 

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडतात. संसार ट्रॅक्टरमध्ये भरून नवरा-बायकोचा कोयता साखर कारखान्याच्या फडावर जातो. काही बायका मात्र ठरवतात, की यंदा ऊसतोडीला जायचं नाही. लेकरांच्या शाळेसाठी तालुक्याला खोली करायची आणि शिवणकाम, धुणीभांडी, मिळेल ते काम करायचं. म्हणून आज बोलू या भाड्याच्या खोलीबद्दल.

आमच्या गटातल्या एका ताईंना ऐन डिसेंबरात खोली बदलावी लागली. जुन्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी जागा हवी होती. ताई ख्रिस्ती, पती वारलेले, दोन लेकरं शाळेत. नाताळ दहा दिवसांवर आला होता. आम्ही तिघीजणी त्यांच्याबरोबर खोल्या बघत फिरलो. एका घरी पहिला प्रश्न आला, "पुरुष माणूस कोण आहे?" दुसऱ्या घरची खोली रिकामी होती, पण ताईंचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "कालच दिली."

त्या दिवशी चहा पिताना ताईंनी नाताळची गोष्ट सांगितली. मरियेचे दिवस भरलेले, गाव परकं, बेथलेहेमात उतरायला जागा नाही. शेवटी बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. "आमचा सणच जागा न मिळण्यापासून सुरू होतो," असं म्हणून त्या हसल्या. आम्हाला काही हसू आलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी एका आजींनी खोली दिली. भाडं 2,500 रुपये, डिपॉझिट 10,000. एवढी रक्कम ताईंकडं नव्हती. त्यांनी गटाकडं अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत एकजण म्हणाली, "शेळीला कर्ज दिलं तर करडं होतात. भाड्याच्या खोलीला दिलं तर काय मिळणार?" प्रश्न रास्त होता. बरीच चर्चा झाली. मग असं ठरलं, की भाडं गेलं ते गेलं, पण डिपॉझिट हा खर्च नाही. ती दुसऱ्याच्या घरी ठेवलेली आपली बचत आहे. खोली सोडताना ती परत यायला पाहिजे आणि त्यासाठी कागद पाहिजे. कर्ज मंजूर झालं, अट एकच, करार लेखी करायचा.

आजींचा मुलगा म्हणाला, "आपलीच माणसं, कागद कशाला?" मैत्रिणींनो, उचल देताना मुकादम कागद करून घेतो, तेव्हा कुणी असं म्हणत नाही. आम्ही त्याला शांतपणे सांगितलं, की कागद तुमच्याही कामाचा आहे. भाडं किती, मुदत किती, हे तुमच्याही हातात लेखी राहील.

आता कायद्याचं ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यात कलम 55 आहे. भाडेकरार लेखी हवा आणि त्याची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात व्हायला हवी. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते. नुसतं स्टँपवर लिहून नोटरी केली की झालं, हा गैरसमज आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. कलम 26 प्रमाणे घेतलेल्या पैशाची लेखी पावती मालकानं द्यायची असते. आणि कलम 29 सांगतं, की भाडेकरूचं पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत.

आपल्या गावाला हा कायदा कसा लागू होतो, हे तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा. 1987 च्या कायद्यानं बाईमाणसाला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही. 15100 या नंबरवर फोनही करता येतो.

सामान हलवण्याआधी आम्ही काय काय केलं, तेही सांगतो. पाणी किती दिवसांनी येतं आणि साठवायचं कशात, ते विचारलं. मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं, मोबाइलवर फोटो काढला. वेगळा मीटर नव्हता, म्हणून एका युनिटला किती पैसे घेणार ते ठरवलं. भिंतीची ओल आणि दाराची मोडकी कडी यांचेही फोटो काढले, म्हणजे जाताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार नाहीत. खोली सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं, ते करारात घातलं. धान्यासाठी रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा लागला नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेत दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं.

एक गोष्ट ताईंनी स्वतःच विचारली. "आजी, दारावर कागदाची चांदणी लावली तर चालेल ना? आत दिवा असतो, रात्रभर जळेल." आजी म्हणाल्या, "लाव की. लाइटबिल तूच भरणार आहेस." पण ताईंनी हे आधीच विचारलं, ते बरं झालं. सण, पाहुणे, सांडपाणी, संडासची पाळी, या गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घेतल्या तर पुढची भांडणं टळतात.

23 तारखेला खोलीत चूल मांडली. 24 ला आम्ही चौघी करंज्या लाटायला गेलो. पोळपाट एकच, म्हणून दुसरा आजींनी दिला. 25 ला चर्चहून आल्यावर ताईंनी वाड्यातल्या प्रत्येक दारी फराळाचं ताट पाठवलं. ज्या बाईनं पहिल्या दिवशी "कोण कुठली?" म्हणून चौकशी केली होती, तिचं ताट तिळाच्या लाडवांनी भरून परत आलं.

सगळीकडं असंच होईल असं नाही. बाई एकटी आहे किंवा वेगळ्या धर्माची, जातीची आहे, म्हणून खोली नाकारणारे अजून आहेत. अशा वेळी बाईला एकटीला पाठवू नका. गटातल्या दोघी-तिघी सोबत गेल्या की बोलणं बदलतं, हे आम्ही पाहिलं आहे.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात भाड्यानं राहणाऱ्या किती आणि त्यातल्या कितीजणींकडं करार आणि पावती आहे, हे मोजा. ज्यांच्याकडं नाही, त्यांच्यासोबत कुणी जायचं, ते त्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.