आसारीचं गणित

माझं आजोळ येवल्याचं आणि घर चांदवडचं. संक्रांत आली की आमच्या घरात तिळगुळाच्या आधी आसारीची चौकशी व्हायची. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवल्यात पतंग उडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पतंग विकत आणला तरी चालतो, तो फाटणारच असतो. आसारी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही बाजूंना लाकडी चकत्या, त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या आणि मधून आरपार गेलेला दांडा. दांडा हातात धरायचा आणि पिंजरा त्याच्याभोवती फिरू द्यायचा. त्या पिंजऱ्यावर दोरा.

माझे वडील सुतार नव्हते, पण आसारी घरीच करायचे. मी पुढे सातपूरच्या कारखान्यात टर्नर म्हणून उभी हयात लेथवर काढली. शंभर भागातल्या एका भागाचं माप जपणारा माणूस मी. त्यामुळे वडिलांचं वीत-बोटांचं माप मला गंमतीचं वाटायचं. २०११ साली निवृत्त होऊन चांदवडला परत आलो तेव्हा पहिलं काम ठरवलं ते हे, की आता आपण एक आसारी शास्त्रशुद्ध करायची.

आधी आकार. वडिलांच्या आसारीला सहा कामट्या होत्या. सहाच का? सहा कोनांच्या आकृतीची बाजू तिच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराएवढीच असते. दांड्यापासून कामटी साडेसात सेंटिमीटरवर असेल, तर एका फेऱ्यात सहा साडेसाती, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर दोरा बसतो. बावीस सप्तमांशाची गरजच नाही. हजार मीटर दोऱ्याला साधारण सव्वादोन हजार फेरे होतात. तेच अंतर तीन सेंटिमीटर ठेवलं तर सुरुवातीच्या एका फेऱ्यात जेमतेम अठरा सेंटिमीटर येतो. पतंग गोते खायला लागला आणि सैल दोरा भराभर गुंडाळायचा असला, की हा फरक मनगटाला कळतो.

बारीक पिंजऱ्याची आणखी एक खोड आहे. त्यावर दोऱ्याचा थर जाड होतो. भरलेला असताना फेरा मोठा आणि रिकामा होत आला की लहान, म्हणजे पतंग सर्वांत लांब असतो त्याच वेळी आसारी सर्वांत सावकाश गुंडाळते. मोठ्या पिंजऱ्यावर हजार मीटरचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास बसतो आणि फेरा फारसा बदलत नाही. चकती दोऱ्याच्या वर किती असावी, याचं वडिलांचं माप होतं एक बोट. मी हिशोब मांडून पाहिला आणि एक बोटच आलं.

हेच गणित मला पुढे एका वेगळ्याच वस्तूत दिसलं. पुतण्या कामानिमित्त स्कॉटलंडला होता. त्यानं येताना मासे पकडायचं एक रीळ आणलं. तिकडे ट्राउट मासा पकडायला पिसांचा खोटा किडा गळाला बांधतात. तो इतका हलका की भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीला देतात आणि ती जाड दोरी फेकतात. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ट्राउट काश्मीरच्या आणि हिमाचलच्या नद्यांत सोडले, तेव्हा हा नाद आपल्याकडेही आला. तिकडचे काही हौशी लोक असं रीळ घरच्या लेथवर करतात म्हणे. मी ते लगेच खोललं. (पुतण्या अजून त्याबद्दल बोलतो.) आत जाड दोरीखाली बारीक दोरा भरलेला होता, तो लांब पळणाऱ्या माशासाठी, आणि त्यानं मधला भागही आपोआप जाड झालेला. आमच्याकडे साधा दोरा आधी गुंडाळतात आणि मांजा वरती, तसंच. ॲल्युमिनियमच्या चकतीला गोल भोकं पाडून ती हलकी केली होती. ती भोकं शोभेची नव्हेत, हे मला तोवर स्वतःच्या चुकीवरून कळलं होतं.

ती चूक अशी. पहिल्या आसारीला मी सागाच्या जाड चकत्या केल्या, दहा मिलिमीटरचा लोखंडी दांडा घातला आणि दोन्ही बाजूंना ६२०० नंबरचं बॉल बेअरिंग बसवलं. बोट लावलं की मिनिटभर फिरायची. मी खूश. गच्चीवर गेलो, चांदवडच्या डोंगरावरून येणारा वारा मिळाला, पतंगानं ढील घेतली आणि थांबला. आसारी थांबेना! पतंग दोरा मागत नव्हता आणि आसारी देतच होती. दोन मिनिटांत पायाशी असा गुंता पडला की तो कात्रीनंच सोडवावा लागला. वजन मध्यापासून दुप्पट लांब गेलं, की फिरती वस्तू थांबवायला चौपट जड जाते. कारखान्यात हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. आसारी हलकी हवी, आणि तिला थोडी अडचणही हवी. मग चकत्या शिवणीच्या केल्या, बेअरिंग काढून लाकडाचंच भोक ठेवलं आणि आत मेणबत्ती घासली. म्हणजे फिरून वडिलांच्याच आसारीपाशी.

कामट्यांचा बांबू पिकलेला आणि वाळलेला हवा. ओला असला की वाळताना पिळवटतो आणि पिंजरा ढिला होतो. कामटीची पाठ बाहेर ठेवायची, कारण ती गुळगुळीत असते आणि दोरा कुसळत नाही. पेर मध्यावर येऊ द्यायचं नाही.

इथपर्यंत सगळं हौसेचं होतं. २०१३ च्या संक्रांतीला आळीतल्या मुलांनी माझ्या आसारीवर नायलॉनचा मांजा भरला. मी अडवलं नाही. स्वस्त होता आणि तुटत नव्हता. रात्री कडकड आवाज आला. सकाळी पाहतो तर तीन कामट्या आत मोडलेल्या. पतंग नाही, वारा नाही, आसारी नुसती कोनाड्यात ठेवलेली.

कागद घेऊन बसलो. सहा कोनांत प्रत्येक कामटीवर एका फेऱ्याचा दाब दोऱ्याच्या ताणाएवढाच येतो. ताण दोनशे ग्रॅम धरा, फेरे दोन हजार. कागदावर एकेका कामटीवर चारशे किलो येतात! प्रत्यक्षात कामटी वाकली की आतले फेरे सैल पडतात, म्हणून एवढे येत नाहीत. सुताचा दोरा जरा सैल पडला की त्याचा ताण उतरतो. नायलॉन गुंडाळताना रबरासारखं लांबतं आणि मग आखडायला बघतं. कामटी वाकली तरी ते दाबतच राहतं.

मी त्यावर उपाय काढला. आज सांगताना बरं वाटत नाही, पण काढला. पिंजऱ्याच्या जागी सहा इंची ॲल्युमिनियमचा पाइप आणि दोन्हीकडे कातलेल्या चकत्या. नायलॉन तिला काही करू शकलं नाही. मुलं खूश, आणि मग तशाच आणखी दोन करून दिल्या. फुकट.

२०१५ च्या करीच्या दिवशी मी आणि मंडळी मोटारसायकलवरून मनमाडकडे निघालो होतो. गावाबाहेर काहीतरी माझ्या हेल्मेटवर घासलं आणि मागून ओरडणं ऐकू आलं. तिनं चेहऱ्यासमोर हात धरला म्हणून गळा वाचला. तळहाताला सात टाके पडले. दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत, भाकरी थापताना दिसतं. तो दोरा कुणाच्या आसारीवरून सुटला ते कळायला मार्ग नव्हता. तिनं दवाखान्यातून येताना एवढंच विचारलं, ‘तुमच्या त्या तीन कुठं आहेत?’

मी दोन परत मागून आणल्या. एका मुलाच्या वडिलांनी दिली नाही, म्हणाले, ‘काका, सगळेच उडवतात.’ २०१७ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तो अजून चोरून विकला जातो, हे तुम्ही दर जानेवारीत याच पेपरात वाचता.

आता मी फक्त बांबूची आसारी करतो. सहा कामट्या, सहा मिलिमीटर जाड, चकती शिवणीची. कुणी मागितली तर देतो. नायलॉन भरायचं असेल तर ती एका रात्रीत मोडेल, हे आधीच सांगतो. मजबूत करून द्या म्हणणारे येतात, त्यांना नाही म्हणतो. परत आणलेल्या दोन्ही ॲल्युमिनियमच्या पिंजऱ्यांवर मी विजेची वायर गुंडाळून ठेवली आहे. गणपतीत मंडळाची पोरं घेऊन जातात.