ताप उतरला, मनाचे काय?



पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे हा डेंग्यू, चिकनगुनिया व हिवतापाचा काळ असतो. ताप मोजणे, रक्त तपासणे, प्लेटलेटची संख्या विचारणे आता घरोघरी परिचयाचे झाले आहे. परंतु ताप उतरतो, अहवाल समाधानकारक येतो, घरची मंडळी निश्चिंत होतात आणि रुग्ण मात्र कोणाशी बोलेनासा होतो, असेही घडते. हा आळस नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे.

संसर्गाशी झुंजताना शरीरात निर्माण होणाऱ्या दाहकारक द्रव्यांचा परिणाम झोप, भूक आणि उत्साह यांवरही होतो. चिकनगुनियाची सांधेदुखी काहींना कित्येक महिने सोडत नाही. त्यात बुडालेली मजुरी आणि उपचारांचा खर्च यांची भर पडते. अशा वेळी मन खचले, तर त्यात नवल नाही.

मात्र दोन अवस्थांतील भेद ओळखला पाहिजे.

पहिली अवस्था तातडीची. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास विशेष जोखमीचे असतात. या काळात रुग्ण अतिशय सुस्त किंवा अस्वस्थ झाला, पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या अथवा रक्तस्राव होऊ लागला, तर ती उदासी समजू नये. त्वरित रुग्णालय गाठावे. हिवतापात रुग्ण बरळू लागला, गुंगीत गेला किंवा त्याला झटके आले, तरीही हेच करावे.

दुसरी अवस्था सावकाश येणारी. आजारानंतरचा थकवा हळूहळू ओसरतो. थकलेल्या माणसाला काही करावेसे वाटते, पण शरीर साथ देत नाही. नैराश्यात करावेसेच वाटत नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणे सलग दोन आठवडे, बहुतेक दिवसभर टिकले आणि त्याबरोबर झोप, भूक बिघडली वा स्वतःला निरुपयोगी मानण्याची भावना आली, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे असे दोन्ही उपचार उपलब्ध आहेत.

घरच्यांनी "आता बरा झालास, ऊठ" असा तगादा लावू नये. शेजारी बसावे, ऐकून घ्यावे, वेळेवर जेवण व पाणी द्यावे, हलक्या कामांची सवय हळूहळू लावावी. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन टाळावे. नैराश्याची औषधे आधीपासून चालू असतील, तर तापाच्या डॉक्टरांना ती जरूर दाखवावीत. त्यांतील काहींमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते. परंतु ती परस्पर बंद करू नयेत.

जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही, समुपदेशकांशी बोलता येते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही, घरच्यांनीही करावा.

तापाच्या रुग्णाची विचारपूस करताना "ताप किती आहे?" हे आपण विचारतोच. यापुढे "मनाला कसे वाटते?" हेही विचारू या, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबू या.