बदल्यांचा मोसम

 

आज बास्केटबॉलवर बोलायचं आहे, पण मैदानावरच्या बास्केटबॉलवर नाही. अमेरिकेतली एनबीए ही लीग ऑक्टोबरला सुरू होते आणि जूनमध्ये संपते. आपल्याकडे सामने पहाटे-सकाळी दिसतात, त्यामुळे माझ्यासारखे लोक आठ महिने चहाचा कप हातात घेऊन टीव्हीसमोर बसलेले असतात. जून संपला की खेळ थांबतो, बातम्या थांबत नाहीत. कोण कुठल्या संघात जाणार, कुठल्या कोचला नारळ मिळणार, कोणाचं कोणाशी पटत नाही. काही चाहत्यांना तर सामन्यांपेक्षा हाच मोसम जास्त आवडतो.

ज्यांच्या घरात कुणी बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी खात्यात होतं, त्यांना हा मोसम समजावून सांगायची गरज नाही. माझे वडील बँकेत होते. एप्रिल-मे आला की घरात एकच विषय. 'यादी तयार आहे म्हणे.' 'साहेबांच्या टेबलावर आहे म्हणे.' आमचा अख्खा उन्हाळा त्या 'म्हणे'वर जायचा. एका वर्षी बाबांना वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं, 'तुमचं नाव यादीत नाही, निश्चिंत राहा.' बाबांनी माझ्या शाळेची फी भरली, नवा गणवेश शिवायला टाकला. आठ दिवसांनी ऑर्डर आली. ती बातमीही बाबांना दुसऱ्या शाखेतल्या एका ओळखीच्या माणसाच्या फोनवरून कळली. बाबा बदलीबद्दल कधी तक्रार करत नसत. ते एवढंच म्हणाले, 'बदली नोकरीचा भाग आहे. पण मला आधी सांगायचं तरी.'

हे वाक्य मी विसरलो होतो. ते पुन्हा आठवलं २०१८ च्या जुलैमध्ये, टोरांटोच्या एका खेळाडूमुळे. आजची गोष्ट त्याची आहे.

टोरांटो रॅप्टर्स हा एनबीएमधला कॅनडाचा एकमेव संघ. १९९५ साली सुरू झाला. या संघाचं एक जुनं दुखणं होतं. मोठा झालेला खेळाडू तिथे टिकत नसे. ट्रेसी मॅकग्रेडी २००० मध्ये गेला, विन्स कार्टर २००४ मध्ये, ख्रिस बॉश २०१० मध्ये. बॉश गेला तेव्हा एका वीस वर्षांच्या पोराने समाजमाध्यमावर लिहिलं की काळजी करू नका, मी आहे. तो डेमार डिरोझन. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा मुलगा, २००९ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला.

आणि त्याने शब्द पाळला. २०१६ मध्ये त्याचा करार संपला. घरच्या गावी, लेकर्समध्ये जायची वाट मोकळी होती. तो गेला नाही. त्याने टोरांटोशीच पाच वर्षांचा, १३.९ कोटी डॉलर्सचा करार केला. नऊ मोसम तो तिथे खेळला आणि संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू झाला.

त्याचे कोच होते ड्वेन केसी. सात मोसम त्यांनी संघ घडवला. २०१७-१८ मध्ये ८२ पैकी ५९ सामने जिंकले, तोवरची संघाची सर्वोत्तम कामगिरी. पण प्लेऑफमध्ये दरवर्षी समोर लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड उभा राहायचा. २०१६ मध्ये ४-२ ने हरले, २०१७ मध्ये ४-० ने, २०१८ मध्ये पुन्हा ४-० ने.

मे २०१८ मध्ये लीगमधल्या सगळ्या कोचेसनी मिळून केसींना वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून निवडलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ मे रोजी, टोरांटोने त्यांना काढून टाकलं. पुढे २५ जूनला एनबीएचा अधिकृत 'कोच ऑफ द इयर' पुरस्कारही त्यांनाच मिळाला. ज्या संघामुळे तो मिळाला, त्या संघात ते नव्हते. तोवर ते डेट्रॉइटचे कोच झाले होते.

तुम्ही विचाराल, असं कसं? इथे एक साधा हिशोब आहे. एनबीएमध्ये खेळाडूंचे करार बहुतेक हमीचे असतात. पंधरा खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत. कोच एकच असतो. त्याला उरलेल्या कराराचे पैसे द्यायचे आणि निरोप द्यायचा. संघ अडला की सगळ्यात सोपा बदल तोच. २०२५ मध्येही हेच दिसलं. न्यूयॉर्क निक्स पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोचले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी कोच टॉम थिबोडो यांना काढलं. डेन्व्हरने तर २०२३ चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या मायकेल मलोन यांना नियमित मोसमाचे तीन सामने उरले असताना घरी पाठवलं. निक्सनी मग माइक ब्राउन यांना आणलं. ब्राउन यांना काही महिन्यांपूर्वीच सॅक्रामेंटोने काढलं होतं, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या संघाने. एकाने टाकलेला दुसरा उचलतो, हे चक्र चालूच असतं.

केसी गेले, त्यांचे सहायक निक नर्स कोच झाले. आता अफवा सुरू झाल्या डिरोझनबद्दल. कारण तिकडे सॅन अँटोनिओमध्ये कवाय लेनर्ड नावाचा एक मोठा खेळाडू नाराज होता. मांडीच्या दुखापतीमुळे तो आदल्या मोसमात फक्त नऊ सामने खेळला होता, आणि उपचारांवरून त्याचं संघाशी बिनसलं होतं. त्याला लॉस एंजेलिसला जायचं आहे, ही बातमी सगळीकडे होती. टोरांटोचं नाव फार कुणी घेत नव्हतं.

लास व्हेगासला जुलैमध्ये समर लीग असते. खरं तर ती नव्या पोरांची स्पर्धा, पण तिथे सगळे संघव्यवस्थापक आणि एजंट जमतात. आपल्या लग्नात जसं मांडवात एक लग्न आणि मांडवाबाहेर चार लग्नं ठरतात, तसं. डिरोझनचं म्हणणं असं, की तिथे त्याला सांगितलं गेलं, तुझा ट्रेड होणार नाही. आणि १८ जुलैला ट्रेड झाला. डिरोझन, याकोब पर्टल आणि पहिल्या फेरीची एक निवड सॅन अँटोनिओला. लेनर्ड आणि डॅनी ग्रीन टोरांटोला.

डिरोझनने त्याच सुमारास जाहीर लिहिलं की सांगतात एक, होतं दुसरंच. या खेळात निष्ठा नाही. तेव्हा मला माझे बाबा दिसले. 'मला आधी सांगायचं तरी.'

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत डिरोझनने आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं होतं. त्यानंतर केव्हिन लव्हसारखा खेळाडूही बोलायला लागला, आणि लीगमध्ये मानसिक आरोग्याची चर्चा सुरू झाली. म्हणजे आपण ज्याला 'ट्रेडमधला माल' म्हणून बघत होतो, तो माणूस त्या काळात कशातून जात होता, हे सगळ्या जगाला माहीत होतं.

आता दुसरी बाजू. व्यवस्थापक होते मसाई उजिरी. त्यांनी नंतर डिरोझनची जाहीर माफी मागितली. आपल्या बोलण्यातून त्याचा गैरसमज झाला असेल, असं ते म्हणाले. ट्रेडबद्दल मात्र त्यांनी माफी मागितली नाही. लेनर्डच्या करारात हमीचं एकच वर्ष उरलेलं होतं. तो निघून जाईल हे उघड दिसत होतं. तरीही उजिरींनी जुगार खेळला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १२ मे २०१९, फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, ९०-९० अशी बरोबरी. शेवटच्या क्षणी लेनर्डने कोपऱ्यातून चेंडू टाकला. तो रिंगवर चार वेळा उडाला आणि आत पडला. १३ जूनला गोल्डन स्टेटला ४-२ ने हरवून टोरांटो पहिल्यांदा विजेता झाला. १९९५ पासून घरच्या प्रत्येक सामन्याला हजर राहणारे नव भाटिया हे भारतीय वंशाचे शीख गृहस्थ तेव्हा रस्त्यावरच्या मिरवणुकीत होते. संघाने त्यांनाही विजेत्यांची अंगठी दिली.

मग पुन्हा जुलै, पुन्हा अफवा. लेनर्ड टोरांटोत आला आहे अशी कुणकुण लागली, तर वृत्तवाहिनीचं हेलिकॉप्टर त्याच्या समजल्या गेलेल्या गाड्यांच्या मागे फिरत होतं. शहर आकाशाकडे डोळे लावून बसलं. आणि तो गेला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे. त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि शाय गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक तरुण खेळाडू दिला. हा शाय जन्माने टोरांटोचाच. २०२५ मध्ये ओक्लाहोमा विजेती झाली आणि शाय त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ च्या एका ट्रेडचे धागे सात वर्षांनी असे कुठल्या कुठे निघाले. त्या हेलिकॉप्टरमधून हे काही दिसलं नव्हतं.

तर मग अफवा ऐकायच्याच नाहीत का? ऐका, जरूर ऐका. मीही ऐकतो. पण तीन प्रश्न विचारत ऐका.

पहिला, ही बातमी फुटल्याने फायदा कोणाचा? एजंटला खेळाडूचा भाव वाढवायचा असतो. संघाला दुसऱ्या संघावर दबाव आणायचा असतो. बातमी खोटीच असेल असं नाही, पण ती फुकट कधीच येत नाही. २०२३ मध्ये डेमियन लिलर्डने मायामीला जायची इच्छा जाहीर केली. सगळा उन्हाळा मायामी, मायामी. सप्टेंबरच्या शेवटी तो गेला मिलवॉकीला.

दुसरा प्रश्न, करार किती वर्षांचा उरला आहे? करार संपत आलेला खेळाडू अर्धा दाराबाहेर असतो. आणि बहुतेक खेळाडूंना ट्रेडला नाही म्हणायचा हक्कच नसतो. तो हक्क करारात लिहून घेतलेले खेळाडू बोटावर मोजण्याइतके.

तिसरा, पगारांचं गणित जुळतं का? लीगमध्ये पगारावर मर्यादा आहे, त्यामुळे मर्यादेवरच्या संघांना साधारण तेवढ्याच पगाराची माणसं द्यावी-घ्यावी लागतात. टोरांटोच्या ट्रेडमध्ये डॅनी ग्रीन आणि पर्टल ही नावं आली, त्यात या गणिताचाही वाटा होता. गणित न जुळणाऱ्या अफवा तिथेच सोडून द्या.

आणि या तिन्हींच्या पलीकडे एक चौथी गोष्ट आहे, ती अफवेबद्दलची नाही, आपल्याबद्दलची आहे. टोरांटो जिंकल्यावर बरेच लोक म्हणाले, 'बघा, उजिरी बरोबर होते.' मला हे पूर्ण पटत नाही. निर्णय बरोबर होता, हे खरं. केसी आणि डिरोझन यांच्यासह तो संघ जिथवर जाऊ शकत होता तिथवर जाऊन आला होता. पण निर्णय बरोबर ठरला म्हणून माणसाला अंधारात ठेवणं बरोबर ठरत नाही. या दोन गोष्टींचे हिशोब वेगळे ठेवायला हवेत. जून २०२५ मध्ये केव्हिन ड्युरँट न्यूयॉर्कमध्ये एका कार्यक्रमात मंचावर बसलेला असताना त्याच्या ट्रेडची बातमी फुटली. समोर गर्दी, हातात मोबाइल, आणि सगळ्यांची नजर याच्या चेहऱ्यावर. करोडो डॉलर्स मिळतात म्हणून त्या क्षणी माणसाला काही वाटत नसेल, असं आपण धरून चालतो.

काही जण म्हणतील, व्यवहारात आधी सांगणं शक्य नसतं, बातमी फुटली तर सौदा मोडतो. मान्य. मग 'तुझं नाव नाही' असंही सांगू नये. 'मी आज काही सांगू शकत नाही' एवढं म्हणता येतं. ऐकणारा त्यावरून काय ते समजतो, आणि गणवेश शिवायला टाकायचा की नाही ते ठरवतो.

डिरोझन सॅन अँटोनिओत तीन मोसम खेळला, मग शिकागो, मग सॅक्रामेंटो. केसी डेट्रॉइटमध्ये पाच मोसम कोच होते. निक नर्सना टोरांटोनेच २०२३ मध्ये काढलं. आणि २०२५ मध्ये मसाई उजिरींनाही त्या संघाने निरोप दिला. बदल्यांच्या मोसमात यादी करणाऱ्याचं नावही कधीतरी यादीत येतं.

तुमच्यापैकी अनेक जण आज दुसऱ्यांच्या बदल्या ठरवायच्या खुर्चीत असाल. कुणाचा विभाग बदलायचा, कुणाला दुसऱ्या शहरात पाठवायचं, कुणाला थांबायला सांगायचं. निर्णय घ्यावेच लागतात. बाबांनाही ते कळत होतं. फक्त तो निर्णय ज्याचा आहे त्याला तो तुमच्या तोंडून कळू द्या, कुणाच्या फोनवरून नाही.