खेळ ही चैन नव्हे



लातूर आणि नांदेड ही नावे आज महाराष्ट्रात निघतात ती परीक्षांच्या निकालांसाठी. ‘लातूर पॅटर्न’ घरोघरी पोहोचला. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी नांदेडला मुलांची रीघ लागली. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशाने हे यश कष्टाने मिळविले. त्याची थट्टा कोणी करू नये. परंतु त्याची सावली आता बालवर्गावर पडत आहे. मुलाच्या हातातील गोट्या काढून तेथे सरावसंच देणे, यालाच प्रगती समजले जात आहे.

वस्तुतः खेळ हा अभ्यासाचा वैरी नव्हे. विटीदांडूची मोजणी पाहावी : वकट, लेंड, मुंड, नाल. हे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हेच आकडे, खेळता खेळता झिजलेले. देगलूर-बिलोलीच्या सीमेपलीकडची भाषा मराठी मुलांच्या जिभेवर छडीविना रुळली. चिंचोक्यांच्या डावात दहा-दहांचे ढीग करणारे मूल एकक-दशकच शिकत असते; आणि गडी मोजणीत चुकला तर ते स्वतःच हटकते. तेथे तपासनीस लागत नाही.

हे ताराबाई मोडकांनी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीत त्यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला अनुताई वाघांसह ते आदिवासी पाड्यांत नेले. मॉंटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, पाने, शंख-शिंपले हाती घेतले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली.

प्रश्न आहे तो समतेचा. सधनांचे मूल शुल्क भरून खेळातून शिकते. ऊसतोड मजुराचे मूल मात्र ऐन शाळेच्या दिवसांत आईबापांमागे फडावर जाते आणि परतल्यावर त्याच्या वाट्याला केवळ घोकंपट्टी येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार खेळसाहित्य नमूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळाधारित शिक्षणच सांगितले आहे.

म्हणून ग्रामसभांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी निकालाबरोबरच मैदानाचाही हिशेब मागावा. चिंचोक्यांना पैसा लागत नाही. लागतो तो शिक्षकाला मोकळा वेळ आणि मुलावर विश्वास. हे दोन्ही देणे समाजाच्या हाती आहे.