पाचवी पुजण्याआधीची एक तपासणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने नाटके बसवली, गणपती बसवला, तशाच परप्रांतात एकट्या पडलेल्या कुटुंबांच्या अडचणीही आपल्या मानल्या. अशाच एका अडचणीविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच परिवारातील एक आजोबा माझ्याकडे आले. नातू चार दिवसांचा होता. त्याला डाऊन सिंड्रोम असल्याचे जन्मतःच ध्यानात आले होते. तो धक्का पचतो न पचतो तोच रक्ताचा अहवाल हाती आला. पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या आणि त्यांत कोवळ्या, अपक्व पेशींचा भरणा! जेथे प्रसूती झाली तेथे ‘रक्ताचा कर्करोग आहे, घरी घेऊन जा’ एवढेच सांगण्यात आले. आजोबांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, उद्या पाचवी आहे. पुजायची की नाही?” या मुलाला घरचे माणूस म्हणून धरावे की मनातून आधीच सोडून द्यावे, हेच ते मला विचारीत होते.

मी बाळ तपासले. ते दूध नीट पीत होते. यकृत किंचित मोठे लागत होते. परंतु कावीळ नव्हती, अंगावर सूज नव्हती, श्वास स्वच्छ होता. मी म्हणालो, “पाचवी पुजा, बारसेही करा. मात्र बाळाला दर आठवड्याला माझ्याकडे आणा.” हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, ते सांगतो.

लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उलगडले. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या बालकांत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. साधारणपणे ७०० ते ८०० जन्मांमागे एक बालक असे जन्मते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. रक्ताकडे मात्र अजून तितकेसे लक्ष जात नाही.

गर्भावस्थेत रक्त घडते ते मुख्यतः यकृतात. अधिकच्या गुणसूत्रामुळे तेथील रक्तनिर्मितीची घडी विसकटते. त्यामुळे या अर्भकांपैकी कित्येकांचे रक्त जन्मतः प्रमाणाबाहेर दाट असते. क्वचित थोडे रक्त काढून त्या जागी सलाईन द्यावे लागते. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स कमी असणे, हेही नेहमीचेच. हे दोष बहुधा काही आठवड्यांत निवळतात.

तिसरा प्रकार आपल्या गोष्टीतला. यकृतातील एखाद्या रक्तपेशीत ‘गाटा-१’ नावाच्या जनुकात बदल घडतो आणि तिची अपक्व प्रजा वाढू लागते. हा बदल गर्भातच, केवळ त्या रक्तपेशीत घडलेला असतो. तो आईकडून येत नाही, वडिलांकडूनही येत नाही. ग्रहणात काय चिरले, डोहाळे कोणते पुरवले नाहीत, असल्या चौकशा करून सुनेला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. या बदलाचा रक्ताच्या कर्करोगाशी असलेला संबंध २००२ साली उघड झाला. ब्रिटनमध्ये २०० अर्भकांचा एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात काही ना काही अपक्व पेशी आढळल्या. हा विशिष्ट बदल मात्र पाव भागाहून थोड्या अधिकांतच दिसला.

आता या विकाराचे नवल पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, परंतु बहुतेक अर्भकांत दोन-तीन महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. जन्मानंतर रक्तनिर्मिती यकृतातून अस्थिमज्जेत जाते आणि या पेशींचे रानच हरवते, असा त्याचा उलगडा केला जातो. म्हणून अहवाल वाचून आशा सोडणे ही पहिली चूक. अर्थात सर्वच बालके इतकी सुदैवी नसतात. यकृत फार सुजले, पोटात वा छातीत पाणी झाले, कावीळ वाढली, तर जिवाला धोका असतो. अशा वेळी सायटाराबीन हे औषध अगदी अल्प मात्रेत देऊन प्राण वाचवता येतात.

दुसरी चूक याच्या उलट. रक्त स्वच्छ झाले की घरचे पेढे वाटतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. परंतु यांपैकी सुमारे एक-पंचमांश मुलांना पुढे, वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत, खरा रक्ताचा कर्करोग होतो. तोही वेळीच सापडला तर हताश होण्याचे कारण नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा विशिष्ट कर्करोग औषधांना उत्तम दाद देतो आणि इतर मुलांपेक्षा सौम्य उपचार पुरतात. योग्य केंद्रात दहांतील जवळजवळ नऊ मुले बरी होतात.

आजोबांच्या नातवाचे तसेच झाले. दुसऱ्या महिन्यात रक्त निवळले. पेढे मीही खाल्ले, पण तपासणीच्या पुढच्या तारखा त्याच कागदावर लिहून दिल्या. दीड वर्षाचा असताना प्लेटलेट्स उतरू लागल्या. बाहेरून मूल ठणठणीत होते. अंगावर साधा काळानिळा डागही नव्हता. तारीख पाळली नसती, तर कळले नसते. उपचाराचे महिने त्या घराने कसे काढले, ते मी जवळून पाहिले. आज तो शाळेत जातो आणि आपल्या गणपतीच्या आरतीला झांज वाजवतो. आपण सर्वांनी त्याला पाहिलेले आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या परिचयात डाऊन सिंड्रोम असलेले बालक जन्माला आले, तर पहिल्या तीन दिवसांत त्याची रक्तगणना करावयास सांगा आणि रक्ताची काच अनुभवी तज्ज्ञाने डोळ्यांनी पाहावी असा आग्रह धरा. कारण यंत्र पेशी मोजते, पण कोवळी पेशी तिला हमखास ओळखता येतेच असे नाही. दोष आढळल्यास चौथ्या वर्षापर्यंत ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवा.

सटवाई पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी आपली जुनी श्रद्धा. तिचे अक्षर कोणाला लागत नाही. रक्ताचा अहवाल मात्र वाचता येतो. फक्त तो घाईने वाचू नये आणि एकदाच वाचून ठेवून देऊ नये.