कड्याकपारीतील घोरपड



इतिहासाच्या तासाला सिंहगडाचा प्रसंग आला की मुले घोरपडीविषयी विचारतातच. १६७० साली यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घरोघर पोचली. सभासद बखरीत मावळे स्वतःच कडा चढल्याचे वर्णन आहे. घोरपडीचा उल्लेख नाही. कथा अवश्य सांगावी. परंतु तिच्या पाठोपाठ खऱ्या घोरपडीची ओळखही करून द्यावी.

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांतील काळ्या खडकाच्या कपारी, शेतांचे जुने बांध व झाडांच्या ढोली ही तिची वसतिस्थाने होत. शेपटीसह तिची लांबी पावणेदोन मीटरपर्यंत भरते. सकाळी खडकावर ऊन घेऊन अंग तापले म्हणजे ती भक्ष्याच्या शोधास निघते. तिची दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर होते, ती दंशासाठी नव्हे. गंधाचे कण टिपून ते टाळूतील गंधेंद्रियाकडे पोचविणे हे जिभेचे कार्य आहे. किडे, विंचू, उंदीर, पक्ष्यांची अंडी व मेलेली जनावरे हे तिचे अन्न. पावसाळ्यात मादी जमीन उकरून सुमारे २० अंडी घालते व ती मातीने झाकते.

तिच्या चिकटण्याचे रहस्य साधे आहे. शत्रू दिसताच ती कपारीत शिरते, हवा भरून अंग फुगविते आणि नख्या खडकात रोवते. मग तिला ओढून काढणे कठीण होते. मात्र बीळ खणणाऱ्या माणसापुढे ही युक्ती चालत नाही.

घोरपडीच्या चरबीने सांधेदुखी जाते, मांसाने बळ येते, या निराधार समजुतींपायी तिची हत्या होते. ‘हाथाजोडी’ नावाने विकली जाणारी मुळी पुष्कळदा नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली तपासणीत उघड झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असून शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

परंतु कायद्याच्या धाकापेक्षा परिचयाने अधिक काम होते. घोरपड दिसल्यास मुलांनी दूर उभे राहावे. दगड मारू नये, बिळात काठी घालू नये. दिवस, वेळ, जागा व तिची हालचाल वर्गाच्या वहीत नोंदवावी. घरात शिरल्यास वनविभागास कळवावे. जे मूल अशी नोंद ठेवील, ते घरी चरबीची बाटली आली असता प्रश्न विचारील. शिक्षकांनी एवढे साधले तरी पुष्कळ झाले.