मंचाखालची माणसे

(संस्थेच्या उन्हाळी विद्यार्थी शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला माझ्या छंदाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी व्याख्याता नव्हे आणि व्यवसायाने छायाचित्रकारही नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक, एवढीच माझी ओळख. परंतु कॉलेजात असताना, १९९८ साली, संस्थेचा कॅमेरा माझ्या गळ्यात पडला तो आजतागायत उतरलेला नाही. आपल्या वस्तीतील उन्हाळा, म्हणजे भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे दिवस, मी दरवर्षी टिपत आलो. या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आज मुख्यतः तीच सांगण्यासाठी मी येथे उभा आहे.

प्रथम एक जुनी हकिकत सांगतो. १८३८ साली पॅरिस शहरात दागेर नावाच्या गृहस्थाने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता, माणसे आणि घोडागाड्या जात-येत होत्या. पण त्या काळी एका चित्रास काही मिनिटे लागत. जे हलत होते ते चित्रात उमटलेच नाही. सगळा रस्ता ओस दिसतो. फक्त कोपऱ्यात एक माणूस पाय वर ठेवून उभा आहे आणि त्याच्या पायाशी दुसरा माणूस त्याचे बूट पुसत आहे. छायाचित्रात उमटलेली ही पहिली माणसे, असे मानतात. बूट पुसून घेणारा स्थिर होता म्हणून स्पष्ट उमटला. पुसणाऱ्याचे हात चालू होते म्हणून तो पुसट आला. मित्रहो, हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. जो काम करतो तो पुसट येतो! पॅरिसमधला हा दोष यंत्राचा होता. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडील छायाचित्रणाचा आरंभही फार जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जात आहे, जमात आहे. समोर जिवंत माणूस बसला होता, त्याला आई-बापांनी नाव ठेवले होते, पण कागदावर उरली ती जात. आणि आपण? आपण तर आपल्याच माणसांत वावरतो. आपण तरी नावे लिहितो का?

आता माझी चूक सांगतो.

आमच्या कल्याण पूर्वेच्या वस्तीत एक आजी होत्या. बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याच हातची. पहाटे चार वाजता तीन दगडांची चूल मांडायची, त्यावर भला मोठा टोप चढवायचा, आणि तांदूळ तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याचा डाव घेऊन तासन् तास ढवळत राहायचे. धुराने डोळे लाल होत. वंदना झाली, भाषणे झाली, की पोरे द्रोण घेऊन रांगेत उभी. ‘आजी, खालची द्या, खालची गोड असते!’ त्या हसत आणि प्रत्येकाला खालचीच देत आहोत असे भासवीत. त्या स्वतः कधी मंचावर चढल्या नाहीत. कोणी चढवलेही नाही.

२०१६ साली २१ मे रोजी बुद्धपौर्णिमा झाली. त्या पावसाळ्यात आजी गेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘भाऊ, तुमच्याकडे आईचा एखादा चांगला फोटो असेल. शोकसभेला लावायचाय.’ मी म्हटले, ‘एखादा काय, पुष्कळ असतील.’ आणि मी अल्बम काढले, संगणक उघडला. मित्रहो, रात्री दोन वाजेपर्यंत मी शोधत होतो. पाहुण्यांना हार घालतानाचे फोटो होते. दीपप्रज्वलनाचे होते. एकाच अध्यक्षांचे एकाच दिवशी नऊ फोटो होते. आजींचा एकही नव्हता. एका फोटोत, मंचाच्या कडेला, धुरामागे एक हात दिसत होता. हिरव्या बांगड्या आणि डावाचा दांडा. तेवढाच.

शेवटी मतदार ओळखपत्रावरील फोटो मोठा करून लावला. त्यात त्या घाबरलेल्या दिसतात. जन्मभर हसणारी बाई हार घातलेल्या चौकटीत भेदरलेली! तिच्या मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो काही बोलला असता तर मला बरे वाटले असते.

मी बँकेच्या खिडकीत बसतो. रोज कितीतरी माणसांचे फोटो अर्जावर चिकटवतो आणि अर्धी सही त्यावर येईल असे पाहतो. विधवा भगिनी पतीच्या खात्याचे कागद घेऊन येतात, तेव्हा पर्समधून त्याचा जपून ठेवलेला पासपोर्ट आकाराचा फोटो काढतात. पुष्कळ घरांत गेलेल्या माणसाचा तेवढाच फोटो असतो. हे मी रोज पाहत होतो, तरी कॅमेरा हातात आला की माझे तोंड मंचाकडेच वळत होते.

असे का झाले, याचा मी विचार केला. आरंभी रोल असे. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायला टाकायचा खर्च वेगळा, आणि हिशेब संस्थेला द्यायचा. मग हार, सत्कार, भाषण यांतच छत्तीस संपत. पुढे डिजिटल कॅमेरा आला, नंतर मोबाईल आला. रोल गेला, खर्च गेला, परंतु सवय गेली नाही. आता हजार फोटो निघतात आणि हजारही मंचाचेच! म्हणजे उणीव रोलची नव्हती, दृष्टीची होती.

दृष्टी बदलली की काय दिसते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुलींनो, हे लक्षात ठेवा : फोटो काढणारीचे नावही असे पुसले जाते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना घरोघरी भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्यांनी ते केले नसते तर त्या मायबहिणींचे बोल त्यांच्याबरोबरच गेले असते.

आणि याहून जुने उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यात आपल्या कल्याणची माणसे आहेत. एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिले. एका लोहाराने वाट करून दिली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोहाराचे नाव दगडावर आहे, आणि आमच्या खीर करणाऱ्या आजींचे नाव मागील पंचवीस वर्षांच्या एकाही अहवालात नाही. याची मला लाज वाटते.

आता विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो. मेच्या मध्यास तर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि माणूस आजारी दिसतो. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर फोटो काढा. दुपारी काढायचाच असेल तर माणसाला मांडवाच्या किंवा भिंतीच्या सावलीत घ्या.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ही नीट ऐका. आपले लोक जयंतीला पांढरीशुभ्र वस्त्रे नेसतात. कॅमेरा सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. पांढरे फार झाले की तो चित्र गडद करतो, आणि आपले सावळे चेहरे काळवंडतात. मोबाईलवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, उजेड चेहऱ्याप्रमाणे जुळेल. पूर्वी रंगीत छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईच्या चित्राचा कागद असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. म्हणजे यंत्राचे मापच गोऱ्या कातडीचे होते. आज मोबाईलमध्ये चेहरा गोरा करण्याची सोय असते. ती बंद ठेवा. आपल्या आईचा रंग दुरुस्त करण्याचा अधिकार कोणत्या यंत्राला आहे?

तिसरी गोष्ट परवानगीची. नळावर पाण्याची रांग असते, बाया हंडे-कळशा घेऊन उभ्या असतात. एका वर्षी आमच्या एका मुलाने गुपचूप फोटो काढला आणि सर्वांना पाठवला. त्यातील एक ताई घरी येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, पदर कंबरेला खोचलेला, केस विस्कटलेले, हाच फोटो सापडला का तुमच्या पोराला?’ त्यांचे खरे होते. आम्ही क्षमा मागितली. विचारून फोटो काढावा, काढलेला दाखवावा, आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोर पुसून टाकावा. विचारल्याने फोटोतील गंमत जाते असे काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस पाच मिनिटांनी आपल्याला विसरतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. तोपर्यंत थांबण्याचा धीर मात्र आपल्याकडे हवा.

चौथी गोष्ट जतनाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याकडेही घराघरांत पाणी शिरले. संस्थेचे अल्बम खालच्या फळीवर होते. पाने एकमेकांना चिकटली, नेगेटिव्ह वाया गेली. आता अल्बम वरच्या फळीवर आहेत, पण मोबाईल हरवला की तीच गत. म्हणून प्रत एका जागी ठेवू नका, निवडक फोटो कागदावर छापून घ्या, आणि मागे पेन्सिलने नाव, तारीख, जागा लिहा. नावाशिवाय फोटो म्हणजे सहीशिवाय धनादेश. कितीही सुंदर असला तरी वटत नाही.

बंधू-भगिनींनो, आजी गेल्यानंतर मी माझी रीत बदलली. आता मी मंचाकडे पाठ करून उभा राहतो. काय काय दिसते म्हणता! आदल्या रात्री पताका चिकटवणारी मुले, त्यांच्या कोपरापर्यंत खळ. अठरा तासांच्या अभ्यासाला बसलेली मुलगी आणि तिच्यासाठी चहा घेऊन दारात ताटकळणारे वडील. मिरवणुकीच्या वाटेवर पाणपोईवर उभे असलेले मुसलमान शेजारी. गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या जावा-जावा. करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन गाडीने आलेल्या आदिवासी भगिनी. आणि मिरवणूक संपल्यावर, सगळे झोपले असता, रस्ता झाडणारा कामगार.

२०२० सालच्या १४ एप्रिलला टाळेबंदी होती. मंच नव्हता, मिरवणूक नव्हती, पाहुणे नव्हते. मी आमच्या खिडकीतून फोटो काढले. समोरच्या चाळीत प्रत्येक दारात एक मेणबत्ती, आणि दारात उभे राहून एका सुरात वंदना म्हणणारी कुटुंबे. त्या वर्षी प्रथमच आमच्या वस्तीतील प्रत्येक घर फोटोत आले. मंच नसला तरी जयंती होते, माणसे नसली तर होत नाही, हे मला त्या रात्री कळले.

शेवटी माझी एक विनंती आहे. या शिबिरातील प्रत्येक विद्यार्थ्याने या उन्हाळ्यात दहा फोटो काढावेत. अट एकच : फोटोतील माणूस कधीही मंचावर बसलेला नसावा. त्याचे पूर्ण नाव, गाव, काम विचारून वहीत लिहावे आणि फोटोची एक प्रत त्याला नेऊन द्यावी. संस्थेने त्यासाठी एक नोंदवही ठेवावी, आणि पुढील स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोंआधी चार पाने या माणसांना द्यावीत. छपाईच्या खर्चातील माझा वाटा मी आजच कोषाध्यक्षांकडे जमा करतो.

आजींच्या सूनबाई आता खीर करतात. मागच्या पौर्णिमेला पहाटे मी चुलीपाशी गेलो. विचारले, ‘वहिनी, एक फोटो काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘थांबा, कपाळावरचा घाम पुसते.’ मी म्हटले, ‘राहू द्या, तो घामच हवाय.’ त्या हसल्या. अगदी सासूबाईंसारख्या. तो फोटो मी काढला आणि मागे दोन नावे लिहिली : एक त्यांचे आणि एक आजींचे.